पंख ट्रकात घालून नेलेलं विमान

आमच्या गावी, मुरब्याला, परत येऊन आठवडा झाला तरी बाया विचारतात, कविता, खरंच विमान जवळून बघितलंस का गो? जवळून म्हणजे काय, मी त्याच्या चाकाला पाठ टेकून परीला पाजलंय. दर वेळी पयल्यापासून सांगायचं म्हणजे माझं तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून काढते. नववीपर्यंतच शिकलेली हाय मी, त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिणार. नि पयलंच सांगून टाकते, सगळे सुखरूप घरी आलोत. नायतर वाचताना तुमचा जीव पण माझ्यासारखा टांगणीला लागायचा.

बोईसर

आमचे हे आधी सातपाटीला बोटींची मशीनं दुरुस्त करायचे. लग्नानंतर बोईसरला एमआयडीसीत लागले, बाटल्यांची बुचं बनवायच्या कारखान्यात. त्या कारखान्याच्या शेठकडं स्वतःचं विमान हाय. मोठं नाय, चार माणसांचं, पुढं एकच पंखा. पण ते बोईसरला नाय ठेवता येत. आपल्याकडं तारापूरचं अणुकेंद्र, त्याच्यावरून असलं विमान फिरवायला बंदी, नि उतरवायला पट्टी पण कुठाय? म्हणून शेठ राहतो बोईसरला नि त्याचं विमान राहतं घाटावर, नाशिकच्या पलीकडं, एका माळावरच्या शेडमधी. मी यांना बोलले पण, हे म्हणजे बोट मुरब्याला नि समुद्र नाशकाला.

मागच्या पावसात त्या शेडचा पत्रा वाऱ्यानं विमानावरच पडला. पंख चेपला. मंग पंख काढून, सगळं ट्रकात घालून विमान बोईसरला आणलं नि कारखान्याच्या मागच्या गाळ्यात ठेवलं. त्याची दुरुस्ती करायला वसईचे लोपीसकाका यायचे. म्हातारे हायत, पण त्यांच्याकडं विमानाचं लायसन हाय, त्यांनी सही केल्याशिवाय ते उडवताच येत नाय. काकांचे गुडघे दुखतात, वाकता येत नाय, म्हणून त्यांनी यांना हाताखाली घेतलं. नट हे आवळायचे, काका बॅटरी मारून परत एकदा बघायचे. असं करता करता यांनी आख्खं इंजिन उघडलं नि परत बसवलं.

तोपर्यंत मला काय भीती नव्हती. रोज संध्याकाळी घरी येत होते, हाताला ग्रीसचा वास, एवढंच.

मंग एक दिवस जेवताना खाली मान घालून बोलले, "काकांचा एक नियम हाय. इंजिन ज्यानं उघडलं, त्यानं पयल्या उड्डाणाला आत बसायचं."

माझा घास तसाच हातात राहिला. "का? शेठचं विमान, शेठला उडवू दे ना!"

"शेठच उडवणार हाय गो. मी बाजूला फक्त बसणार."

"नि पडलं तर फक्त पडणार?"

मी सासूकडं बघितलं. एकुलता एक पोरगा तिचा. मला वाटलं आता ती असा आवाज काढंल की काका वसईतच लपून बसतील. सासू माशातला काटा काढता काढता बोलली, "मंग बरोबर हाय ना. बोटीचं मशीन उघडलं तर पयल्या फेरीला फिटर बसतोच. नाय बसला तर कोण ती बोट पाण्यात नेईल?"

"आई, ती पाण्यात हाय. हे आकाशात!"

"पूजा कोण करनार?" तिनं यांना विचारलं. "फिटरच्या घरची बाय करते. मी येनार."

आता सासू येणार तर मी कशी मागं राहू? परी दहा महिन्यांची, अंगावर पिते, तिला पण घ्यायचं. असं करून आमचं आख्खं घर निघालं. मी मनात ठरवलं होतं, तिथं पोचल्यावर रडून, पाय धरून, काहीतरी करून यांना खाली उतरवायचं.

मनोरपासून घाटापर्यंत

ट्रकात काका बसले, मागून कारखान्याची इको गाडी, ती हे चालवत होते. ट्रकात विमानाचं धड, नि बाजूला दोन पंख, जुन्या गाद्यांमधी गुंडाळलेले. गाद्या बांधायला यांनी सातपाटीहून जुनी जाळी आणली होती. जाळी कितीपण धुवा, वास जातो काय?

मनोरच्या पुढं हवालदारानं ट्रक थांबवला. नाकाला रुमाल लावून भोवती फिरला.

"काय हाय आत?"

"विमान," काका बोलले.

"अहो काका, मासळीचा वास येतोय नि विमान सांगता? वय बघा जरा तुमचं."

ट्रकवाला रामजीत बोलला, "साहब, पापलेट है. पंख वाला."

हवालदार एवढा हसला की बघायलाच वर चढला. जाळं बाजूला केलं, पंखावर हात फिरवला, खाली उतरला नि कागद न बघताच ट्रकला सलाम केला. मंग त्यालाच लाज वाटली, म्हणून परत बोलावून कागद बघितले.

विक्रमगड सोडलं की हवा बदलली. जव्हारला उतरून चहा घेतला. तिथं एक आजी नागलीच्या भाकऱ्या नि मिरचीचा ठेचा विकत होती. आमच्याकडं तांदळाची भाकरी, पांढरी, मऊ. ही काळपट, जाड, पण पोटात बसते. परीनं तुकडा चोखून चोखून तोंड रंगवून घेतलं. सासू आजीला बोलली, "बरोबर सुकट पायजे होती." आजी बोलली, "मग आणायची ना समुद्रावरनं!" सासूनं लगेच पिशवीत हात घातला नि मूठभर सुकट काढून तिच्या पदरात टाकली. आजीनं भाकरीचे पैसेच नाय घेतले.

मोखाड्याच्या वळणांना माझं डोकं फिरायला लागलं. हे मात्र शीळ घालत गाडी चालवत होते. बोटीवर वाढलेला माणूस, त्याला कसली गरगर. पुढं एका वळणावर झाडाची फांदी रस्त्यावर वाकलेली, ट्रक अडकला. गावातले लोक जमले, कोणी कोयता आणला, कोणी नुसतंच बघायला आलं. एका बाईनं मला विचारलं, "हे उडतं?" मी बोलले, "उडंल." नि बोलताना मला रडायला आलं. तिनं परीला कडेवर घेतलं नि फांदी कापून होईपर्यंत फिरवत राहिली.

माळ

नाशिकच्या पलीकडं माळ लागला नि मी गाडीची काच खाली केली. एक निंब सोडला तर झाड नाय, पाणी नाय, नुसतं सपाट. मधूनच डांबराची लांब पट्टी नि तिच्या कडेला पत्र्याची शेड. समुद्र आटला तर खाली असंच दिसंल, असं मला वाटलं. शेडची राखण करायला एक नवराबायको राहतात. ती पुष्पाताई, माळकरी घर, कांदा-लसूण पण नाय खात. आमाला त्यांच्याच ओसरीवर जागा दिली. गरम भाकरी, वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याची चटणी. माझं पोट भरलं, पण सासूचं नाय भरत मासळीशिवाय. नि माळकरी घरात बोंबील भाजायचे कसे? तिला पण लाज हाय. म्हणून ती कोणाला न सांगता शेडच्या मागं गेली, काटक्या जमवल्या नि बोंबील भाजायला बसली.

लोपीसकाका त्या गुडघ्यांनी धावत आलेले मी पयल्यांदा बघितले.

"बाय! विझव ते! भिंतीच्या आत पेट्रोलचं पिंप हाय!"

सासू उठली पण नाय. "आमच्या बोटीत डिझेल पण हाय नि चूल पण हाय. कदी काय झालं नाय."

"बाय, हे डिझेल नाय! हे नुसतं वासानं पेटतं!"

हे ऐकल्यावर मात्र तिनं पाणीच ओतलं. मंग काकांनीच तिला लांब, निंबाच्या झाडाखाली नेलं, तीन दगड मांडून दिले, नि तिच्यासमोर बसून चार बोंबील खाल्ले. पुष्पाताई ओसरीवरून बघून हसत होती. बोलली, "वास इथवर येतोय हो, पण असू द्या, वाऱ्याला कोण माळ घालणार?"

दुसऱ्या दिवशी शेठ आला. कारखान्यात टाय लावणारा माणूस, इथं जुनी बनियन हातात घेऊन स्वतः विमान पुसत होता. खालून, वरून, चाकाच्या मधून. मी विचारलं, शेठाणी नाय आल्या? तर बोलला, "ती येत नाही. एकदाही बसली नाही. ती म्हणते, हे विमान म्हणजे माझी सवत आहे. महिनाभर नुसतं खायला मागतं नि तासभर उडतं." मला शेठाणीला भेटावंसं वाटलं. आमची दोघींची बरी जमली असती.

दोन दिवस पंख जोडायचं काम चाललं. आमच्या यांना मी असं कधी बघितलंच नव्हतं. बोल्ट बसवला की त्यावर तार पिळायची, ती पिळलेली तार काका बोटानं ओढून बघणार, नाय आवडली तर कापून परत. हे चिडत नव्हते. रात्री मी रडायचं ठरवलं होतं, पण हे आडवे झाले की लगेच झोपायचे. कोणापुढं रडू?

उडायचा दिवस

सकाळी विमान बाहेर काढलं. काका कागद हातात घेऊन त्याच्याभोवती हळूहळू फिरले. सगळ्याला हात लावून बघितलं, पंखाखालच्या एका नळीवर लाल कापडाची टोपी होती ती काढून खिशात घातली. मंग बोलले, "झालं. बाय, कर तुझी पूजा."

सासूनं नवीन लुगडं नेसलं होतं. तेलात कुंकू कालवून घट्ट केलं, बोटीला लावतात तसं, म्हणजे पाण्यानं जात नाय. नारळ पंख्यावर फोडायला निघाली तर शेठ नि काका दोघं आडवे आले, करवंटीचा तुकडा राहिला तर पंखा ओढून घेतो बोलले. मंग नारळ लांब दगडावर फोडला. नंतर ती विमानाला कुंकू लावत फिरली. नाकाला लावलं, तिन्ही चाकांना लावलं, पंखाला लावलं. मी परीला घेऊन उभी होते नि यांच्याकडं बघत होते. मी यांचा शर्ट धरला. हे हळूच बोलले, "कविता, सोड. सगळे बघतात." मी सोडला. पाय धरायचं, रडायचं, सगळं तिथंच राहिलं.

पंखा फिरला. आवाज एवढा की परी माझ्या खांद्यात घुसली. विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं नि धावत सुटलं. मी डोळे मिटले. आवाज वाढत वाढत गेला, आता वर जाणार, आता जाणार, नि एकदम आवाज बसला.

डोळे उघडले तर विमान खालीच. पट्टीवर सावकाश होत होत थांबलं, वळलं नि परत आमच्याकडं यायला लागलं. काका डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होते.

शेठनं पंखा बंद केला नि दार उघडलं. तोंड पांढरं पडलेलं. "काका, वेगाचा काटा हललाच नाही. शून्यावरच."

हे दुसऱ्या बाजूनं उतरले, सरळ पंखाखाली गेले, वाकले नि तिथंच थांबले. मंग कसल्यातरी आवाजात बोलले, "काका, इकडं या."

ती पंखाखालची नळी. तिच्या तोंडाला तेलातलं कुंकू, गच्च भरलेलं.

काकांनी आमाला नंतर समजावलं. विमान धावतं तेव्हा त्या नळीत वारा शिरतो, नि त्या वाऱ्याच्या जोरावर वेग किती ते आत काट्यावर दिसतं. भोक बंद तर काटा बंद. वर गेल्यावर वेग कळला नाय तर चालवणारा आंधळा. आत कुंभारमाशीनं मातीचं घर करू नये म्हणूनच तर तिला टोपी घालतात. माशीला अडवलं नि माझ्या सासूला विसरले.

"हे मी लावलं," सासू बोलली.  "नाळेला लावतात ना. बोटीचं जे पुढं असतं त्याला लावतात. ती नळी पुढं होती, मला वाटलं तिला पण..."

 मंग काका बोलले, "बाय, चूक माझी. पूजेनंतर मी परत एक फेरी मारायला पायजे होती. नाय मारली."

सासूचं तिकडं लक्षच नव्हतं. ती जमिनीवर बसली, हात पदराखाली लपवले नि बोलली, "हेमंत, आता नको. माझ्याच हातानं झालं असतं. चल घरी."

शेठ बोलला, "हेमंत, जबरदस्ती नाही. मावशी म्हणतात तर राहू दे."

 नि हे माझ्याकडं बघायला लागले. मला जे पायजे होतं ते आपोआप झालं होतं. मी नुसतं तोंड बंद ठेवलं असतं तरी आमी संध्याकाळी जव्हारच्या रस्त्याला लागलो असतो.

पण मला काय वाटलं ते सांगते. मागच्या साली हे सुट्टीच्या दिवशी एका बोटीचं मशीन दुरुस्त करून तिच्या पयल्या फेरीला गेले होते, डिझेलात पाणी होतं, नि त्या मशीननं खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत कायसुद्धा सांगितलं नाय. मंग बंद पडलं. दुसऱ्या बोटीनं ओढून आणेपर्यंत मी किनाऱ्यावर होते. या विमानानं जमीन सोडायच्या आधीच सांगितलं. एवढंसं कुंकू, तर बोललं, मला काय कळत नाय, मी नाय जात. नि शेठनं ऐकलं. मला तेवढ्यानं धीर आला. नि दुसरं म्हणजे सासू. ती जमिनीवर बसली होती ना, तशीच ती घरी येऊन बसली असती. पुढं कुठल्या बोटीला, कुठल्या नव्या नवरीला तिनं कुंकवाचं बोट लावलं नसतं. नि हे? यांनी परत आवळलेला नट दहा वेळा उघडून बघितला असता.

मी बोलले, "जावा तुमी."

सासू ओरडली, "वेडी झालीस काय गो?"

"आई, मशीन यांनीच बसवलंय. काटा नव्हता हलला, मशीन तर चालत होतं ना? तुमीच बोललात, फिटर बसतो."

काकांनी नळी खोलून साफ केली. फुंकर मारू दिली नाय कोणाला. उन्हात बराच वेळ गेला. मंग काका परत पयल्यापासून सगळ्याला हात लावत फिरले, नि या वेळी आमाला सगळ्यांना निंबाखाली उभं केलं, जवळ यायचंच नाय.

दुसऱ्यांदा मी डोळे उघडे ठेवले. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा ती नि खालची सावली यांच्यामधी उजेडाची फट पडली, ती मोठी मोठी होत गेली. बोट लांब जाते तेव्हा आधी खालचा भाग बुडतो, मंग शीड, मंग काय नाय. हे बुडत नाय, नुसतं बारीक होतं. टाचणीएवढं झालं. डोंगरामागं गेलं नि आवाज पण गेला.

आता ती शांतता मी काय लिहू? परी दूध पीत होती, तिच्या घोटांचा आवाज येत होता. सासू तोंडातल्या तोंडात आमच्या गावदेवीचं नाव घेत होती. पुष्पाताईनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. काका घड्याळाकडं बघत नव्हते, मी बघितलं, ते मुद्दाम बघत नव्हते.

नि मंग आवाज आला, भलतीकडून, आमच्या पाठीमागून! सासू तर खालीच वाकली. आमच्या डोक्यावरून गेलं, वळलं, पट्टीवर उतरलं, एकदा उडी मारली, परत टेकलं, नि धावत धावत हळू झालं. काकांनी टोपी काढून तोंड पुसलं. उन्हाचा घाम होता असं बोलले.

मी परीला घेऊन पळाले. काका ओरडत होते, पंखा थांबू दे, पंखा थांबू दे! मी थांबले, पंखा थांबला, मंग परत पळाले.

शेठ हसत उतरला. "एकदम मस्त! इंजिन एकदम मस्त!" हे दुसऱ्या बाजूनं उतरले. हिरवे पडले होते. एका हातानं पंखाचा दांडा धरला, दुसऱ्या हातात कागदी पिशवी, गच्च धरलेली, नि आमच्याकडं बघून परत त्या पिशवीत तोंड घातलं.

आठ वर्षांचे असल्यापासून समुद्रावर जाणारा माणूस! वादळात कधी उलटी केली नाय!

सासू मागून आली. बघितलं. कपाळावर हात मारला. "अरे कोळ्याचा ना तू? गावात कोणी बोलू नका गो हे. कोणी बोलू नका."

मी बोलले, नाय बोलणार. ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली, गरम होती. परीचं तोंड पुसायचं फडकं माझ्या खांद्यावर होतं, त्यानं यांचं तोंड पुसलं, मंग मान पुसली, मंग परीला हसायला आलं म्हणून तिचं पण पुसलं. दोघं सारखेच दिसत होते. हे बोलले, "पाणी दे जरा." नि पाणी पिऊन, दम घेऊन बोलले, "भाकरी हाय का?"